बोटांनी वाचलेला समुद्रतळ

मॅडमचे डोळे जायला लागले त्याच वर्षी मी अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेले. सुरुवातीला आम्हा कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघतात, एवढंच जाणवायचं. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं. दृष्टिपटलाच्या मधोमध बिघाड झालाय, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. "तुझा चेहरा बघायचा तर मला खिडकीकडे बघावं लागतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कामाचं बोलायला लागल्या.

मॅडम म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. मूळच्या पुण्याच्या, लग्न करून बेंगळुरूला आल्या आणि इथल्याच झाल्या. आमचं घराणं मात्र इथे कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि माझ्या मराठीत कन्नड कधी शिरतं ते मला कळतही नाही. पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हटलं होतं, "स्वल्प थांबा मॅडम, फाइल उघडते." त्या खळखळून हसल्या होत्या. पुढे त्याच मला "स्वल्प थांब" म्हणायला लागल्या.

आमचं काम सांगायला सोपं आहे, करायला चिवट. जहाजामागून समुद्रात एक लांबच लांब केबल ओढत न्यायची. तिच्यात पाण्यातला आवाज टिपणारे हायड्रोफोन बसवलेले असतात. जहाजाच्या शेपटीशी एअरगन असते. ती थोड्या थोड्या वेळाने दाबलेली हवा पाण्यात सोडते आणि धप्प असा मोठा आवाज होतो. तो आवाज खोल पाणी ओलांडून तळाशी पोचतो, तळाखालच्या गाळातही शिरतो, आणि गाळाचा पोत जिथे जिथे बदलतो तिथून थोडा थोडा परत येतो. परत आलेले ते आवाज एकाशेजारी एक मांडत गेलं, की समुद्राच्या तळाखाली काय आहे त्याचं उभं चित्र तयार होतं. रस्त्यासाठी टेकडी कापली की तिच्या पोटातले थर दिसतात, तसं.

हे ध्रुवाजवळ जाऊन कशासाठी करायचं, तर बर्फाचा इतिहास जमिनीवर टिकत नाही. बर्फ पुढे सरकताना आधीच्या सगळ्या खुणा खरवडून टाकतो. ते खरवडलेलं शेवटी समुद्रात जातं आणि खोल पाण्यात थरावर थर साचत राहतं. बर्फ पार उथळ समुद्राच्या कडेपर्यंत आलेला असेल, तर दगडधोंड्यांसकट गाळ उतारावरून कोसळतो. आमच्या चित्रात असा गाळ म्हणजे नुसता गोंधळ, एक रेघ धड नाही. बर्फ मागे हटलेला असेल, तर बारीक चिखल खाली येतो, तळाशी वाहणारे प्रवाह तो सावकाश पसरवतात, आणि मग चित्रात सलग रेघा दिसतात. रेघा की गोंधळ, यावरून आम्ही सांगतो की त्या काळी बर्फ कुठे होता.

तरुणपणी मॅडम अशाच एका मोहिमेवर गेल्या होत्या. जहाजावर त्या एकट्याच बाई. त्या वेळची केबल आखूड होती, नोंद भरड होती. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात, गाळाचा एक प्रचंड उंचवटा त्यांना सापडला आणि त्याच्या मधल्या थरात त्यांना गोंधळ दिसला. त्या थराचं वय अशा काळातलं, जेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा थोडी उबदार होती. त्यावरून त्यांनी मांडलं, की त्या उबदार काळातसुद्धा या बाजूचा बर्फ मागे हटला नव्हता, उलट समुद्रात पुढे आला होता. म्हणजे हा बर्फ थोड्याशा उबेला दाद देत नाही. या मांडणीवर त्यांचं नाव झालं. मी विद्यार्थिनी असताना तो लेख मला जवळजवळ पाठ होता.

आमच्या मोहिमेच्या आराखड्यात तोच उंचवटा पुन्हा ओलांडायचा होता, नव्या लांब केबलने. तिथे रात्र होत नव्हती. माझी पाळी संपली तरी उजेड तसाच असायचा आणि झोपायच्या खोलीतही एअरगनचा धप्प धप्प आवाज पोलादातून अंगात येत राहायचा. देवमासे दिसले की निरीक्षक ओरडायचे आणि एअरगन थांबवली जायची. त्या शांततेत सगळे डेकवर येऊन गप्प उभे राहायचे. एकदा हिमनग थेट आमच्या वाटेत आला. केबल घाईने गुंडाळून घ्यावी लागली, वळसा घालून आम्ही परत आलो आणि तुटलेली रेघ, म्हणजे जहाजाचा तो सरळ फेरा, पुन्हा पहिल्यापासून घेतली.

उंचवटा ओलांडून झाला त्या दिवशी मी सॅटेलाइट फोनवरून मॅडमना कळवलं. त्यांनी गाळाबद्दल काहीच विचारलं नाही.

"केबल सुखरूप आहे ना?" त्या म्हणाल्या. "आणि तू जेवतेस ना नीट?"

परत आल्यावर कित्येक महिने ती नोंद साफ करण्यात गेले. आमचं ऑफिस इंदिरानगरात, कपड्यांच्या एका दुकानाच्या वर. खाली दिवसभर हॉर्न, वर आम्ही चौघं-पाचजण समुद्रातल्या आवाजांतून जहाजाचा, लाटांचा, केबलच्या थरथरीचा गोंगाट वेगळा काढत बसलेलो. शेवटची पायरी मायग्रेशनची. तळ वरखाली असला की आवाज बाजूबाजूनेही परत येतो आणि चित्रात भलत्याच जागी उमटतो. मायग्रेशन म्हणजे गणिताने त्या प्रत्येक आवाजाला त्याच्या मूळ जागी नेऊन ठेवणं.

एका दुपारी ते चित्र माझ्या पडद्यावर उमटलं. मधल्या थरात गोंधळ नव्हता. बारीक, सलग, एकावर एक रचलेल्या रेघा होत्या, वाऱ्याने वाळूवर उठाव्यात तशा लाटांच्या आकाराच्या. जुन्या भरड नोंदीत या लाटांवरून बाजूला फुटलेले आवाज एकमेकांत मिसळले होते आणि ती मिसळ मॅडमनी कोसळलेला गाळ म्हणून वाचली होती. मी सगळं पुन्हा केलं. वेगळ्या पद्धतीने केलं. सहकाऱ्याला माझं काही न दाखवता स्वतंत्रपणे करायला लावलं. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

मॅडमचं घरही इंदिरानगरातच, आतल्या एका रस्त्यावरचं जुनं बैठं घर. आता त्याच्या दोन्ही अंगांना रेस्टॉरंट्स झालीत. मी गेले तेव्हा मॅडम आत आवरत होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मॅडमचे डोळे गेल्यापासून तेच त्यांना रोज लेख वाचून दाखवायचे. त्यातल्या इंग्रजी शब्दांवर अडखळायचे, पण एक ओळ सोडायचे नाहीत. मला राहवेना. मी त्यांना हळूच सगळं सांगितलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. "तिला हे आत्ता कशाला सांगायचं?"

"त्या विचारतील ना काका."

"विचारेल तेव्हा म्हण, काम चालू आहे. डोळे गेले, वाचन गेलं, एकटीने बाहेर जाणं गेलं. एवढं एकच तिचं आहे. ते तरी राहू दे."

तेवढ्यात मॅडम भिंतीला हात लावत बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि पहिलाच प्रश्न केला, "मायग्रेशन झालं का?"

काका माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी मला जमलं नसतं. मी म्हटलं, "झालं मॅडम."

"मग?"

"तुम्ही स्वतः बघायला हवंय."

"मी बघू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तू सांग ना. तुझे डोळे चांगले आहेत."

"मी सांगितलं तर त्यात माझं मत मिसळेल. तुम्हीच शिकवलंय, आधी रेघा, मग मत. मला स्वल्प दिवस द्या."

त्यांनी मान हलवली. काका मला सोडायला फाटकापर्यंत आले नाहीत.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटं वर्कशॉप चालवतो. यंत्रांचे सुटे भाग कापून द्यायचे, पाट्यांवर नावं-आकडे कोरून द्यायचे. मी मेट्रोने त्याच्याकडे गेले आणि माझ्या लॅपटॉपवरच्या रेघा त्याला दाखवल्या.

"इदु काय आहे? डोंगर?" त्याने विचारलं.

"समुद्राच्या तळाखालचा चिखल. ह्या रेघा मला अॅल्युमिनियमच्या पाटीवर खोल कोरून हव्यात. बोटाला लागायला हव्यात."

"कोणाच्या बोटाला?"

मी सांगितलं. मॅडमना तो ओळखत होता. माझ्या लग्नात त्या आमच्या पंगतीत बसून जेवल्या होत्या. त्याने चालू काम बाजूला ठेवलं. पडद्यावर रेघा मोठ्या करून बघताना म्हणाला, "फार टोकदार आहेत. जरा गोल करून घेऊ? हाताला बरं लागेल."

"नको अण्णा. जशा आहेत तशाच."

"आणि मधे मधे तुटल्यात, त्या जोडू?"

"त्या मुद्दाम तोडल्यात. तिथे मला खात्री नाही."

"सरी, तसंच करू," तो म्हणाला. यंत्र सुरू झालं, पांढरं दुधासारखं पाणी पाटीवर वाहायला लागलं, आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. काम झाल्यावर अण्णाने पाटीच्या कडा कानशीने घासल्या आणि डोळे मिटून स्वतःचं बोट प्रत्येक रेघेवरून फिरवलं. कुठे कपची लागू नये म्हणून.

मॅडमनी हात धुतले, कोरडे केले आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मी पाटी समोर ठेवली. काका त्यांच्या पाठीशी उभे होते.

"किनारा डावीकडे?"

"हो."

"उंची किती पट ताणलीस?"

"तुम्ही तुमच्या लेखात ताणली होती तेवढीच."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं वरच्या काठावर ठेवली, समुद्राचा तळ चाचपला आणि उंचवट्याच्या चढावर थोडा वेळ थांबल्या. तो त्यांच्या ओळखीचा होता. चेहरा जरा उजळला. मग बोटं एक एक थर खाली उतरत गेली. मधल्या थरात आल्यावर ती थांबली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"ह्या रेघा तू काढल्यास की नोंदीत आहेत?"

"नोंदीत आहेत. खात्री नव्हती तिथे मी तोडल्यात."

त्यांनी तुटलेल्या जागा शोधून काढल्या. फार नव्हत्या. शेजारच्या रेस्टॉरंटातून भांड्यांचा आवाज येत होता.

"एका रेघेवरून मी काही पटवून घेणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज कडक होता, माझ्या विद्यार्थीदशेतला. "लाटा आहेत की नुसता भास, ते उंचवटा दुसऱ्या दिशेने कापणाऱ्या आडव्या रेघेशिवाय कळत नाही. आडवी आण."

पाटी त्यांनी ठेवून घेतली. नंतरचे काही आठवडे त्यांचा फोन आला नाही. मी केला तर काका उचलायचे आणि "झोपली आहे" एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, मी एका म्हाताऱ्या बाईचा आधार काढून घेतला, आणि तोही धातूवर कोरून. मोहिमेतच घेतलेल्या आडव्या रेघेचं काम करताना मनात कुठेतरी इच्छा होती की तिच्यात गोंधळच निघावा. तो निघाला नाही. अण्णाने दुसरी पाटी कोरली. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मॅडमनी दोन्ही पाट्या टेबलावर काटकोनात लावायला सांगितल्या. एक हात एकीवर, एक दुसरीवर. पहिली पाटी त्यांनी मधल्या दिवसांत किती वेळा चाचपली असेल कोण जाणे. तिच्यावर त्यांची बोटं आता चाचपडत नव्हती, सरळ जागेवर जात होती. दुसरीवर मात्र त्या सावकाश गेल्या. खालच्या लाटेचा माथा शोधायचा, मग तिच्या वरच्या लाटेचा, मग तिच्याही वरच्या.

"माथे सरकतायत," त्या म्हणाल्या. "वर वर येताना उताराच्या चढाकडे सरकतायत."

"हो मॅडम."

"कोसळलेला गाळ असं करत नाही."

"नाही."

"हे प्रवाहाचं काम आहे. सावकाश, फार सावकाश केलेलं." त्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. "वय?"

"तेच, तुम्ही धरलेलं. जवळच्या खोदकामातल्या नमुन्यांशी जुळवून बघितलं."

"म्हणजे त्या उबेत बर्फ मागे गेला होता."

"हो."

"बराच?"

"बराच."

त्या खिडकीकडे बघत होत्या, म्हणजे बहुधा माझ्याकडे. "मी चुकले त्याचं वाईट वाटून घ्यायला पुढे वेळ आहे," त्या म्हणाल्या. "पण मी बरोबर असते तर सगळ्यांसाठीच बरं झालं असतं ग."

मग त्यांनी मान मागे वळवली. "तू ऐकलंस?"

"ऐकलं," काका म्हणाले.

"तुला आधीपासून माहीत होतं."

काका आणखी जवळ सरकले. मॅडम म्हणाल्या, "वाचून दाखवताना तुझा आवाज असा दबलेला का येतोय, म्हणून मी किती दिवस विचार करत होते. मला वाटलं तुझी तब्येत बिघडलीय आणि तू लपवतोयस." काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मॅडमनी त्यावर आपला हात ठेवला आणि त्या रडल्या, आवाज न करता, माझ्यासमोर. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आमच्या गटाची दर महिन्याला बैठक होते. मॅडम म्हणाल्या, तिथे हे मी सांगणार. ऑफिसचा जिना अरुंद आणि उभा. काका पुढे, मी मागे, असं आम्ही त्यांना वर नेलं. खोलीत बहुतेक तरुण मुलंमुली होती, त्यांचा लेख वाचून या विषयात आलेली. त्या उभ्या राहिल्या, पाट्या सगळ्यांच्या हातांतून फिरवायला दिल्या आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, की हा थर मी चुकीचा वाचला. तेव्हाची नोंद भरड होती. हे कारण आहे, सबब नाही. मग त्यांनी जुन्या चित्रातली प्रत्येक जागा, जिथे त्यांनी गोंधळ मानला होता, नव्या रेघांशी ताडून सांगितली. कागद हातात नव्हता. ते चित्र त्यांना आठवत होतं, दिसत असताना बघितलं होतं तसं.

एका मुलीने विचारलं, "तेव्हा तुम्हाला शंका आली नव्हती का?"

"आली होती," मॅडम म्हणाल्या. "मग सगळे मान्य करायला लागले, आणि ती गेली."

खालून हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

लेख आम्ही दोघींनी लिहिला. मी त्यांचं नाव वगळावं का असं चाचरत विचारलं, तर त्या चिडल्या. जुनी मांडणी ज्या लेखात मोडली जाणार, त्यात ती करणारीचं नाव नको तर कुठे हवं? जुन्या वाचनाबद्दलचा परिच्छेद त्यांनी मला तोंडी सांगितला. मी एके ठिकाणी सौम्य शब्द घातला होता, तो त्यांनी ऐकताक्षणी काढायला लावला. त्या दिवसांत मी निघाले की काका पुन्हा फाटकापर्यंत यायला लागले. एकदा म्हणाले, "मला वाटलं होतं ती खचेल. सकाळी माझ्याआधी उठते हल्ली."

लेख आल्यावर सगळ्यांनी तो मानला असं नाही. काहीजण अजून म्हणतात, लाटा म्हणजे प्रवाहच असं नाही, दुसरीही कारणं असू शकतात. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आवाजाने थरांचा आकार कळतो. ते कशाचे आहेत, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी तिथेच खोदून गाळाचा नमुना वर काढायला हवा. असं खोदकाम महाग, जहाजं थोडी, आणि जागा मागणारे जगभरातले खूप.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तसा प्रस्ताव लिहायला बसलो. कुठे खोदायचं हा प्रश्न होता. मी उंचवट्याच्या मध्यावरची जागा सुचवली होती, जिथे लाटा सगळ्यात स्पष्ट आहेत. मॅडमनी पाटी जवळ ओढली. आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नाही. त्यांचं बोट माझ्या जागेवरून गेलं, तिथे थांबलं नाही, आणि खाली उतारावर सरकत एका तुटलेल्या रेघेशी येऊन टेकलं.

"इथे," त्या म्हणाल्या.

"तिथे तर मला खात्रीच नाही मॅडम. तिथे दगडगोटे निघाले तर आपला सगळा लेख पडेल."

"म्हणूनच इथे. तुझ्या जागेवर आपल्याला हवं तेच मिळेल. इथे आपण दोघी चुकू शकतो."

काका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर बघितलं आणि ते पुन्हा सोलायला लागले. मी माझी जागा खोडली आणि त्यांच्या बोटाखालची मोजून घेतली. प्रस्ताव तसाच गेला. उत्तर अजून आलेलं नाही.